कालव्यातील जलप्रवास

* येथे अभिप्रेत असलेला कालवा म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ‘कनाल द्यु मिदी’. पिएर-पॉल रिके यांच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला हा २४० किमी लांबीचा कालवा तुलूझ शहर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याला जोडतो. धान्य व मद्याची पिंपे वाहणाऱ्या सपाट तळाच्या बार्ज पूर्वी काठच्या वाटेवरून घोडे ओढीत. आता उन्हाळ्यात पर्यटक त्यांतून ताशी जेमतेम ८ किमी वेगाने फिरतात. चढउतारासाठी ‘लॉक’ असतात. नाव दोन दारांमधील लंबगोल हौदात शिरली की मागचे दार लावतात, पाणी भरून किंवा सोडून तिला पुढील पातळीवर आणतात आणि मगच पुढचे दार उघडतात. बेळगाव-निपाणी भागातील वाचकांच्या परिचयाचा घटप्रभेचा डावा कालवा याहून वेगळा आहे. धुपदाळ बंधाऱ्यापासून निघणारा तो कालवा शेतीसाठी आहे. पाणी वाहते राहावे म्हणून त्याला ढाळ दिलेला असतो, वाटेत फाटे फुटतात आणि पाणी पाळीने सुटते. त्यामुळे नावेला लागणारी कायम खोली व संथ पाणी त्यात मिळत नाही. या भागात नावा चालत त्या कृष्णेसारख्या नद्यांवर, माणसे व माल पैलतीरी नेण्यासाठी. — संपादक