‘समाजस्वास्थ्य’मधली उत्तरं आणि दोह्यातली आपली मुलं

पोस्ट जरा मोठी आहे, शुक्रवारी चहा घेऊन निवांत वाचा. विषय आपल्या घरात सहसा निघत नाही, म्हणूनच इथे लिहितेय.

इथल्या सीबीएसई शाळांमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या, तांबी, गनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही, सगळं त्यात छापलेलं आहे. मुलं ते पाठ करतात, मार्क मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण धडा वाचल्यावर डोक्यात जे दहा प्रश्न येतात ते विचारायचे कोणाला? शाळेत लाज वाटते. घरी आई विषय बदलते आणि बाबा फोनमध्ये डोकं घालतात. मग उरतो मोबाइल.

ही अडचण नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका मराठी प्राध्यापकाने हेच प्रश्न अंगावर घेतले होते आणि त्यापायी नोकरी घालवली, कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. रघुनाथ धोंडो कर्वे. आपल्यातल्या अनेकांना ते ‘महर्षी कर्व्यांचा मुलगा’ म्हणून ऐकून माहीत असतील, काहींनी अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिला असेल. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे आपल्याला शाळेत फारसं कोणी सांगितलं नाही.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ चा. ते ९ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी ही घराघरातली गोष्ट होती. बाई बाळंतपणात जायची, लोक ‘देवाची इच्छा’ म्हणायचे आणि वर्षभरात नवरा दुसरं लग्न करायचा. महर्षींनी पुढे विधवेशी पुनर्विवाह केला आणि स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलं. मुलाने त्याच्या पुढचा प्रश्न हातात घेतला. बाई शिकली, पण मूल कधी आणि किती हे तिच्या हातात नसेल तर त्या शिक्षणाचं ती करणार काय?

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. पॅरिसलाही शिकून आलेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं क्लिनिक उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती हो! १९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आलं आणि त्याच सुमारास ‘गुप्तरोगांपासून बचाव’. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. नको असलेलं गरोदरपण आणि संबंधांतून पसरणारे रोग, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र पाहिले. पेनिसिलिन तेव्हा यायचं होतं. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग बायकोला आणि पोटातल्या बाळाला भोगावा लागायचा, आणि त्यावर घरात एक शब्द निघत नसे.

विल्सन हे मिशनऱ्यांचं कॉलेज. हा प्रचार त्यांना चालण्यासारखा नव्हता. १९२५ मध्ये रघुनाथरावांची नोकरी गेली. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि रघुनाथरावांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. आजही कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की बहुतेक घरांत बाईच पुढे होते, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. १९५३ मध्ये ते वारले, तोवर २६ वर्षं ते चाललं. पैशाची कायम ओढाताण. या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली जायची. विचार करा, ज्या समाजात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत, तिथले लोक एका गणिताच्या मास्तरला पत्र लिहून मनातलं विचारत होते. का? तर तो हसणार नाही, ओरडणार नाही, खोटं सांगणार नाही, एवढा भरवसा होता.

आणि खटला झाला तो याच उत्तरांवर. १९३१ मध्ये एका लेखासाठी त्यांना एकदा दंड झालाच होता. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता : लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही. लोक विचारतात, तर ज्ञान देऊनच त्यांच्या शंका जातील, दडपून जाणार नाहीत. कोर्टाला ते पटलं नाही. दंड झाला.

बाबासाहेब मात्र तिथे थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईच्या तब्येतीचा आणि गरिबीचा प्रश्न त्यात थेट होता. तो संमत झाला नाही. त्याच काळात म्हणजे १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटून गेल्या होत्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, संयम हाच मार्ग असं त्यांचं मत होतं. म्हणजे दोन्ही मतं आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत समोरासमोर उभी होती. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी याच दशकात कुटुंबनियोजनाचं काम हाती घेतलं. पुढे त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेतही गेल्या.

मग इतिहास पालटला. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असं करणारा तो जगातला पहिला देश. १९६८ मध्ये ‘निरोध’ आला, १५ पैशांना ३. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर दिसू लागला. ज्यासाठी रघुनाथरावांची नोकरी गेली, ते सरकार रेडिओवरून सांगू लागलं.

पण सरकारने सांगितलं ते ‘मुलं कमी होऊ द्या’ एवढंच. शरीर, संमती, रोग, भीती, शंका यांबद्दलची उत्तरं मागेच राहिली. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि सरकारने तो बंद केला. ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं त्याला तेव्हा बरोबर ८० वर्षं झाली होती. आपल्यातले अनेक आई-बाबा त्याच शाळांमधून शिकलेले. तेव्हा आपल्याला बोलता येत नाही यात नवल काहीच नाही, कोणी शिकवलंच नाही.

‘मुलांना सांगितलं की ती बिघडतात’ ही भीती मात्र खरी नाही. युनेस्कोने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा दिलाय. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळतात असं त्यात दिसत नाही. उलट माहिती असलेली मुलं थांबायला आणि काळजी घ्यायला जास्त शिकतात. दुसरं, कंडोमबद्दल. दरवेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी सुमारे २ जणींना गर्भ राहतो. लोक रोजच्या आयुष्यात वापरतात तसा वापरला तर सुमारे १३ जणींना. हा फरक माहितीचा आणि सवयीचा आहे. आणि गोळ्या किंवा तांबी गर्भ रोखतात, एचआयव्ही नाही. हे बऱ्याच शिकलेल्या मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं.

आता इथलं, कतारचं. लग्नाबाहेरचे संबंध इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. मुलं मोठी होताना त्यांना हे स्पष्ट, न घाबरवता सांगायला हवं. पण तेवढंच सांगून थांबलो तर चूक होईल. बारावी झाली की आपली बहुतेक मुलं इथून जातात. पुणे, मणिपाल, मँचेस्टर, टोरांटो. अठराव्या वर्षी एकदम हॉस्टेलवर, आई-बाबांपासून चार-सहा तासांच्या विमानप्रवासावर किंवा त्याहून दूर. कायदा दोह्यातच राहतो, प्रश्न मात्र मुलांच्या बॅगेतून सोबत जातात. इथे आजी नाही, मावशी नाही, थोरली चुलतबहीण नाही जिच्याशी रात्री गच्चीत कुजबुजता येईल. म्हणून आपल्या मुलांसाठी ‘समाजस्वास्थ्य’चं उत्तरांचं पान आपल्यालाच चालवायचं आहे.

त्यासाठी भाषण नको. गाडीत, समोर बघत, एकेक प्रश्न घ्या. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही दोन्ही बाजू सांगा. मुलीला फक्त ‘जपून राहा’ आणि मुलाला काहीच नाही, हे नको. ‘नाही’ म्हणजे नाही, हे मुलाला नक्की सांगा. उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा, आणि खरंच बघून सांगा. मराठीत शब्द अडतात? इंग्रजी वापरा, हरकत नाही. टोमणा मात्र मारू नका. एकदा टोमणा बसला की पुढचा प्रश्न येत नाही.

रघुनाथरावांकडे ना पैसा होता, ना पाठबळ. तरी आलेल्या पत्राला ते उत्तर देत होते. आपल्याकडे येणारं पत्र तर आपल्याच जेवणाच्या टेबलावरून येतं.

तुमच्या घरी या विषयाची सुरुवात कशी झाली, कोणी केली, ते खाली लिहा. नाव न घालता लिहायचं असेल तर मला मेसेज करा, मी तुमच्या वतीने टाकेन. आणि शक्य असेल तर ही पोस्ट घरातल्या बाबांनाही वाचायला द्या.