बालवयातील लठ्ठपणा आणि पेशींचे वय

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचा एक निरर्थक भासणारा तुकडा असतो. टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे त्यात हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारावी, तसे या तुकड्याचे काम. त्याला टेलोमियर म्हणतात. पेशीचे विभाजन होताना तो दर वेळी थोडा आखूड होतो आणि फारच आखूड झाला की पेशी विभाजन थांबवते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी सुमारे पन्नास विभाजनांनंतर थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. टेलोमियरच्या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लठ्ठपणाशी याचा संबंध प्रथम प्रौढांमध्ये ठळकपणे दिसला. ब्रिटनमधील ११२२ स्त्रियांच्या २००५ मधील अभ्यासात, सडपातळ व लठ्ठ स्त्रियांच्या टेलोमियरमधील तफावत ८.८ वर्षांच्या वार्धक्याइतकी भरली. मुलांची गोष्ट वेगळी असेल, त्यांच्या हाती अजून वेळ आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र २०११ मध्ये ७९३ फ्रेंच मुलामुलींच्या तपासणीत लठ्ठ मुलांच्या पांढऱ्या रक्तपेशींमधील टेलोमियर सरासरी २४ टक्क्यांनी आखूड आढळले. त्यातली काही मुले तर शाळेतही जात नव्हती.

चरबीच्या पेशी म्हणजे केवळ साठवणीचे कोठार नव्हे. त्या दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. दाहामुळे पांढऱ्या पेशींचे विभाजन वाढते, तर ऑक्सिडीकरणाचा ताण टेलोमियरमधील ग्वानीनला विशेष इजा करतो.

अर्थात, एकाच वेळी घेतलेल्या मोजमापातून आधी काय घडले हे कळत नाही. २००८ मधील एका इटालियन अभ्यासात तर मुलांमध्ये असा फरक आढळलाच नव्हता. शिवाय जन्मतःच टेलोमियरची लांबी व्यक्तीगणिक वेगळी असते, त्यामुळे समूहाच्या सरासरीवरून एका मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही. रक्ताच्या थेंबावरून ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्यांवर पालकांनी पैसे खर्च करण्याचे त्यामुळे कारण नाही. बालरोगतज्ज्ञ आजही उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तशर्करा यांवरच भिस्त ठेवतात.