नवोदयचा फॉर्म सुरतेतून भरायचा की गावाकडून?

पर्वत पाटिया, लिंबायत, उधना भागात खान्देशातून आलेली बरीच कुटुंबं राहतात. मूल पाचवीत गेलं की प्रश्न पडतो, जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीसाठी अर्ज कुठून करायचा?

नियम सरळ आहे. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्यातून. रेशनकार्ड गावचं असलं तरी सुरतेत शिकणाऱ्या मुलाचा अर्ज सुरत जिल्ह्यातूनच जातो.

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत व्हावी लागतात. त्यात एक दिवसही शहरातल्या शाळेत गेला, तर मूल शहरी धरलं जातं. म्हणजे पाचवीत ऐनवेळी गावी नाव घातलं, तर जिल्हा बदलतो, पण ग्रामीण जागा मिळत नाही.

सहावीसाठी परीक्षा एकदाच देता येते. म्हणून मूल आजी-आजोबांकडे ठेवायचं की आपल्याजवळ, हे दुसरी संपायच्या आत ठरवा. जवळच ठेवणार असाल, तर शहरी जागांची चुरस धरूनच तयारी करून घ्या.