देवघेवीची खिडकी आणि रुचीचा इतिहास

मराठी वाङ्मयीन रुचीचा इतिहास आजवर प्रामुख्याने नियतकालिके, प्रस्तावना आणि संमेलनांतील अध्यक्षीय भाषणे यांच्या आधारे मांडला गेला आहे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर रोज संध्याकाळी होणारी ग्रंथांची निवड या इतिहासात जवळजवळ येतच नाही. पार्ले-अंधेरीसारख्या उपनगरांतील वाचनाचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. कारण तेथील मध्यमवर्गाचा ग्रंथांशी संबंध खरेदीपेक्षा वर्गणीतून अधिक जुळला.

मराठी ग्रंथालयाची मूळ कल्पना त्याच्या नावातच दडलेली आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. दोन्ही नावांत भर ‘संग्रहा’वर आहे, वाचकावर नाही. ठाण्याच्या संस्थेचे एक संस्थापक वि. ल. भावे हे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते होते, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. मराठीत छापले गेलेले सारे जपावे, त्याची मोजदाद व्हावी, ही त्या पिढीची वाङ्मयीन निष्ठा होती. शं. ग. दाते यांची १८००–१९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ हे याच निष्ठेचे भव्य फळ होय. तथापि सूची ग्रंथाचा कर्ता सांगते, प्रकाशनवर्ष सांगते. तो ग्रंथ कोणाला रुचेल, हे ती सांगत नाही. ते तिचे कामही नव्हे.

ते काम मग खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाकडे आले. पार्ल्यात १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला आणि पुढे त्याच्या ग्रंथसंग्रहालयाभोवती उपनगरी वाचकांचा मोठा वर्ग उभा राहिला. लगतच्या अंधेरीची वाढही लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेली होती. अंधेरी १९५० मध्ये बृहन्मुंबईत आली आणि साठनंतर औद्योगिक वसाहतीमुळे तेथील वस्तीचे स्वरूपच पालटले. कचेरीतून परतताना पुस्तक बदलणारा नोकरदार, आईची चिठ्ठी घेऊन येणारा मुलगा, दुपारच्या फुरसतीत वाचणारी गृहिणी हे उपनगरी वाचनालयाचे ठरलेले सभासद. बंदिस्त कपाटांच्या पद्धतीत त्यांच्या हाती पुस्तक नव्हे, तर यादीतील क्रमांक येई. मागितलेले क्रमांक ‘बाहेर’ असले की उरे ती एकच विनंती : काहीतरी चांगले द्या.

या ‘चांगले’चा अर्थ लावणे ही, खरे पाहता, समीक्षकीय कृती आहे. फडके यांची ‘दौलत’, खांडेकरांची ‘दोन ध्रुव’ आणि विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ यादीत ‘कादंबरी’ या एकाच शीर्षकाखाली बसतात. पण पहिली आवडलेल्या वाचकाला तिसरी द्यावी की देऊ नये, याचे उत्तर वर्गीकरणात सापडत नाही, कलावाद-जीवनवादाच्या चर्चेतही सापडत नाही. आधीच्या आठवड्यात सभासदाने काय परत केले, किती दिवसांत केले आणि परत करताना त्याचा चेहरा कसा होता, यावरूनच ते काढावे लागते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही सूत्रे मांडली. त्यांपैकी दुसरे अधिक अवघड आहे. अपरिचित लेखकाचे पुस्तक योग्य माणसाच्या हाती ठेवायचे, तर दोघांचीही ओळख हवी.

अमेरिकेतील अनुभव या संदर्भात तुलनेस उपयोगी पडतो. तेथे १९२०च्या दशकात सुरू झालेला ‘वाचक-सल्ला’ हा प्रौढशिक्षणाचा भाग होता. वाचकाला क्रमाक्रमाने वरच्या पायरीवर नेणे हा त्याचा हेतू होता. १९८९ मध्ये जॉयस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी ही पायरीच नाकारली. कथनाची गती, व्यक्तिचित्रण, कथानकाचा रोख आणि कथेची पार्श्वभूमी या घटकांतून ग्रंथ वाचकाला का धरून ठेवतो, हे त्यांनी शोधले. ग्रंथ श्रेष्ठ की कनिष्ठ, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला.

मराठीत हा प्रश्न कधीच बाजूला ठेवता आला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांनी वाचनाची सवय लावलेला वर्ग समीक्षेच्या लेखी ‘अभिरुचिहीन’ राहिला. त्या वर्गाला नेमका कशाचा आनंद मिळतो, याची परिभाषा समीक्षेने घडविलीच नाही. १९६४ मध्ये निघालेल्या ‘ललित’ने वाचकांच्या निवडीला मुद्रित स्थान दिले, हे खरे, परंतु तेथील विशेषण ‘चोखंदळ’ आहे. म्हणजे निवड मान्य, पण आधी चोखंदळपणा सिद्ध करण्याच्या अटीवर! १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकाला चळवळीचे केंद्र केले आणि १९७८ मध्ये ‘बलुतं’सारखा ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचविला. तेथेही सल्ल्याचा ओघ मात्र ग्रंथाकडून वाचकाकडे असाच राहिला.

शासनव्यवस्थेनेही खिडकीवरच्या या ज्ञानाची दखल घेतली नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर रूढ झालेल्या अ, ब, क, ड या वर्गवारीत ग्रंथ, सभासद, नियतकालिके मोजता येतात. जुळलेली निवड मोजता येत नाही. त्यामुळे इतिहासकारापुढे पुराव्याचा पेच उभा राहतो. देवघेवीच्या नोंदवहीत सभासद क्रमांक, ग्रंथाचा दाखल क्रमांक आणि दोन तारखा एवढेच असते. त्या तारखांमधले अंतर किती रात्रींचे, हे मोजून एखाद्या ग्रंथाची पकड अजूनही अजमावता येईल. पण खिडकीवर ग्रंथ पुढे सरकवताना जे वाक्य उच्चारले गेले, त्यासाठी वहीत रकाना नव्हता. आणि जुन्या वह्या तर बहुधा जागेअभावी रद्दीतच जातात.