सरड्यातले जंत

१७. मूळ लेखात येथे दोन वेगळे सरडे आहेत. मुंबईतल्या देवनारच्या कुंपणांवर दिसतो तो बागसरडा (कॅलोटिस व्हर्सिकलर). त्याचे शास्त्रीय वर्णन १८०२ मध्ये फ्रान्समधील दोदाँ यांनी केले. लेखाच्या पुढच्या वाक्यातला ‘रानसरडा’ म्हणजे रूक्सचा वनसरडा, पश्चिम घाटाच्या जंगलातला. तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आढळतो.

‘जंत’ हा लेखकाचा शब्द मोघम आहे. सरड्याच्या मोठ्या आतड्यात गोलकृमी राहतात. स्ट्राँगिल्युरिस कॅलोटिस या गोलकृमीचे नामकरण बेलिस आणि डॉबनी यांनी १९२३ मध्ये केले. लहान आतड्यात ऊकोरिस्टिका हे चपटे पट्टकृमी सापडतात. त्यांची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, भुंगेरे ती खातात, अळी भुंगेऱ्याच्या शरीरात वाढते आणि सरड्याने तो भुंगेरा गिळला की आतड्यात पूर्ण कृमी तयार होतो. म्हणजे सरड्याचा रोजचा घासच संसर्गाचा रस्ता आहे, आणि जंगलातल्या धडधाकट सरड्यातही कृमी सापडणे नवलाचे नाही.

माणसाला धोका आहे तो दुसऱ्याच पट्टकृमीचा. देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. तिथल्या मांसतपासणीत मेंढ्या-बकऱ्यांच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी शोधतात. त्या कुत्र्याच्या पट्टकृमीच्या (एकायनोकॉकस) अळ्यांच्या असतात. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्यास माणसालाही त्या गाठी होतात. लेखकाने सरड्याचा आणि कुत्र्याचा असे हे दोन्ही पट्टकृमी एकच मानले आहेत. सरड्याच्या पट्टकृमीच्या चक्रात माणूस कुठेच नाही. माणसाला संसर्ग होईल या भीतीने सरडे मारणे अन्यायाचे आहे. — संपादक