गवसणीची साक्ष

मराठीने वाद्यांच्या आवरणांना मोठा मान दिला आहे. तंबोऱ्याच्या कापडी आवरणाला तिने 'गवसणी' हे स्वतंत्र नाव दिले आणि पुढे ती आकाशालाही घातली. हार्मोनियमला तर 'पेटी' म्हणूनच घरात घेतले. असे असूनही आपल्या उज्जैनमधील जुना वाडा उतरवताना वाद्य तेवढे जपले जाते आणि त्याचे खोके किंवा गवसणी भंगारात जाते. वाद्याचा प्रवास ज्या वस्तूवर लिहिलेला असतो तीच आपण प्रथम टाकून देतो, हे ध्यानी आणून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

परदेशात जुन्या विद्युत गिटारींचे संग्राहक या बाबतीत फार दक्ष असतात. १९५०च्या दशकातील गिब्सन गिटारीचे, बाहेरून तपकिरी आणि आत गुलाबी अस्तर असलेले मूळ खोके सोबत असेल, तर त्या गिटारीचे मोल वाढते. कड्या, बिजागऱ्या, अस्तर आणि त्यावर उमटलेले वण पाहून खोके मूळचे की मागाहून जोडलेले, हे ते ठरवतात. हीच दृष्टी आपल्या माळ्यावरील वस्तूंकडे वळवता येईल.

प्रथम तंबोरा. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, फरीदसाहेबांसारखे शिकलगार कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच त्यांच्याजवळ शिकले, आणि मिरजेचे तंबोरे देशभर गेले. भोपळा नाजूक आणि प्रत्येकाचा घेर निराळा, म्हणून चांगली गवसणी त्या त्या तंबोऱ्याच्या मापानेच शिवावी लागते. ती मूळची असेल, तर कापडाची झीज वाद्याशी जुळते: खुंट्यांच्या जागी कापड विरते, भोपळ्याच्या तळाशी ते गुळगुळीत होते. झीज एकीकडे आणि खुंट्या दुसरीकडे असतील, तर ती गवसणी दुसऱ्या कोणाची, असे समजावे.

पेटीची गोष्ट निराळी. दबँ यांनी १८४२मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असे हातपेटीचे रूप दिले. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी मराठी रंगभूमीवर तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. मिटणाऱ्या पायपेटीचे खोके हा तिचाच भाग असल्याने तेथे अदलाबदलीला वाव थोडा. हातपेटीचे खोके मात्र सुटे, म्हणून तेथे संशय घ्यावा. स्क्रू पाहावेत. डोक्यावर फुलीची खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्रचारात आले. एका सरळ खाचेचे त्याआधीपासूनचे. अर्थात एखादा फुलीचा स्क्रू दुरुस्तीचाही असू शकतो. सगळेच तसे असतील तर मात्र खोके त्यानंतरचे.

सर्वांत बोलकी असते ती खोक्यावरील पत्त्याची चिठ्ठी. आपल्या गावाचा पत्ता इतिहासाने वारंवार बदलला आहे. 'उज्जैन, ग्वाल्हेर संस्थान' असे असेल तर ती बहुधा १९४८पूर्वीची. 'मध्य भारत' असेल तर १९४८ ते १९५६ या काळातील. 'मध्य प्रदेश' असेल तर १ नोव्हेंबर १९५६नंतरची. सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ किंवा त्यानंतरची. रेल्वेच्या पावतीवर जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. ही नावे असतील तर ती नोव्हेंबर १९५१पूर्वीची, कारण तेव्हा त्या कंपन्या मध्य व पश्चिम रेल्वेत विलीन झाल्या. दुकानाच्या चिठ्ठीवर किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७च्या दशमान नाण्यांपूर्वीची. मात्र चिठ्ठी खोक्याचा काळ सांगते, वाद्याचा नव्हे. दोहोंचे नाते अस्तरावरील वणांवरूनच सिद्ध होते.

हा भेद आम्हांला घरातच शिकावा लागला. आमची पेटी 'आजोबांना दरबारातून मिळालेली' म्हणून आम्ही पूजेच्या खोलीत जपली होती; मोडके खोके रद्दीवाल्याला देण्यासाठी अंगणात काढले होते. त्याच्या झाकणावर 'ग्वाल्हेर संस्थान' अशी चिठ्ठी दिसली तेव्हा सर्वांना हर्ष झाला. पण पेटी आत ठेवून पाहिली तर चारी बाजूंनी दोन-दोन बोटे जागा उरली, आणि अस्तरावरील कड्यांचे वण तिच्या एकाही कडीशी जुळेनात. खोके एका मोठ्या पेटीचे होते, आणि ती पेटी घरातून केव्हाच गेली होती. जपलेली पेटी मागाहूनची; टाकायला काढले होते तेच आजोबांच्या काळातले. दरबाराचा पुरावा तर त्यावरही नव्हता. चिठ्ठीवर होता तो केवळ गावाचा पत्ता.

दंतकथा हरपल्याचे थोडे वाईट वाटले, हे खरे. पण त्या रिकाम्या खोक्यात एका नाहीशा झालेल्या पेटीचे अचूक माप शिल्लक आहे, आणि ते कोणत्याही कथेपेक्षा विश्वासार्ह आहे. आपली घराणी शिंद्यांच्या बरोबर, त्यांच्या मागून, नोकरीसाठी, विद्येसाठी अशी टप्प्याटप्प्याने माळव्यात आली. बखरींत त्यांतील फार थोड्यांची नावे सापडतील. उरलेल्यांचा इतिहास अशाच चिठ्ठ्यांवर आणि अस्तरांवर आहे. तेव्हा माळा आवरताना एवढे करावे: वाद्य बाहेर काढण्यापूर्वी ते खोक्यात कसे बसते ते पाहावे, चिठ्ठ्या न खरवडता उतरवून घ्याव्यात, आणि गवसणी धुण्याआधी तिची झीज वाचावी.