ठराव, नकाशा आणि कायदा

नांदेड-लातूरकडच्या माणसाने समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्याकडे गोदावरी आणि मांजरा. भरतीची रेषा आमच्या गावांनी पाहिलेली नाही. पण कागदावरच्या संरक्षणाची किंमत काय असते, हे आपल्या चळवळीइतके कोणाला ठाऊक आहे?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. ठराव होता, तळे होते, ओंजळभर पाणी मात्र नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला तो सवर्णांनी. कायद्याचे हत्यार आधी त्यांनीच उचलले. तळे खाजगी आहे, अशी बतावणीही केली! हा दावा १९३७ पर्यंत चालला. पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही म्हणून उच्च न्यायालयात त्यांचे अपील फेटाळले गेले. ठरावाला जे दहा-बारा वर्षांत जमले नाही, ते निकालाने केले.

याच महाडच्या जिल्ह्याला, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगडला, समुद्रकिनारा आहे. त्या किनाऱ्याच्या संरक्षणाची सुरुवातही एका पत्राने झाली. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका. पत्र म्हणजे सल्ला. सल्ला मोडणाऱ्याला शिक्षा नसते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी १९९१ मध्ये अधिसूचना निघाली, तेव्हा कुठे त्या अंतराला कायद्याचे बळ आले. राज्यांनी वर्षभरात आपापले किनारा व्यवस्थापन आराखडे करावयाचे होते. ते झाले नाहीत. एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या आराखड्याला केंद्राची मान्यता मिळाली.

मात्र अधिसूचना हा संसदेने केलेला कायदा नव्हे. सरकारने काढली, सरकार बदलू शकते. १९९१ ची अधिसूचना वीसहून अधिक वेळा दुरुस्त झाली. २०११ साली नवी आली, २०१९ साली आणखी एक. तिने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा २०० मीटरचा ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. महाडची नगरपालिका आठवते ती येथे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नकाशा काढतो कोण? १९८७ साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याला कायद्याचे पूर्ण बळ होते, आणि विरोध केला तो मच्छीमारांनीच, कारण ज्या पाण्यावर त्यांचे पोट त्याच पाण्यातून त्यांना हाकलले जाईल ही भीती होती. मुंबईचे कोळीवाडे नकाशात स्वतंत्रपणे दाखवावेत, हे शब्द अधिसूचनेत यायला २०११ साल उजाडावे लागले. त्याआधी ते घरे बांधून राहत नव्हते की काय?

हे सारे आपल्या दाराशीही आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने एकात्मिक राज्य जल आराखडा बंधनकारक केला. आराखडा वर्षानुवर्षे झाला नाही, प्रकल्प मात्र मंजूर होत राहिले. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांना औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका करावी लागली, तेव्हा आराखडा नसताना नवे प्रकल्प मंजूर करू नयेत असे न्यायालयाने बजावले. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आता आराखडा आहे म्हणतात. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर मोजला जातो, आणि आमच्या वस्तीत सातबारा असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी. त्या आराखड्यात भूमिहीनाच्या नावाने किती पाणी लिहिले आहे, हे आपल्यापैकी कोणी जाऊन पाहिले आहे काय?